दगडोबाच्या आधी कुणी जायचं नाही

टक्.

दुपारी लेक झोपली होती, सासूबाई हातात वर्तमानपत्र धरून डुलक्या घेत होत्या, नवरा कामावर होता आणि फ्रिजसुद्धा घुरघुरायचा थांबला होता. लहान मूल असलेल्या घरातली शांतता चोरीच्या मालासारखी असते. सापडायच्या आत वापरून टाकावी लागते. मी चहाचा कप घेऊन घरांच्या जाहिरातींची पुरवणी उघडली, पहिला घोट घेतला, आणि मागच्या दारावर आवाज झाला.

टक्. टक्.

आमच्या घरात हा आवाज माझ्या लग्नाच्याही आधीपासून होतो. दगडोबाला अंगणात जायचं असलं की तो आपली पाठ दारावर आपटतो. जोरात नाही, घाईनं नाही. वरिष्ठांनी शिपायासाठी घंटी वाजवावी तशी. दार उघडलं तरी तो लगेच निघत नाही. मान बाहेर काढतो, उंबऱ्याकडे बघतो, विषयाचा सर्व बाजूंनी विचार करतो, आणि आपण दार धरून पुरते अवघडलो की मगच पहिलं पाऊल टाकतो.

दगडोबा हे कासव आहे. माझे सासरे शाळेत जायचे तेव्हा त्यांच्या गल्लीतलं एक कुटुंब घर बदलत होतं. ‘नव्या घरात हे चालणार नाही’ असं म्हणून त्यांनी दगडोबाला सासऱ्यांच्या हातावर ठेवलं आणि टेम्पोत बसून निघून गेले. तेव्हापासून सासऱ्यांचं शिक्षण, नोकरी, लग्न, मुलगा, निवृत्ती आणि शेवटी दवाखान्याच्या फेऱ्या हे सगळं दगडोबानं कोबीचं पान चघळत पाहिलं. दोन उन्हाळ्यांपूर्वी सासरे गेले. दगडोबा त्या दिवशीही ठरल्या वेळी दारावर आला होता. दार उघडायला कुणी जागेवर नव्हतं, म्हणून लेकीनं आपल्या चिमुकल्या हातांनी कडी काढली. तिचा हात तेव्हा कडीला जेमतेम पुरायचा. तेव्हापासून दगडोबा तिचा.

आता आम्हीच घर बदलत होतो. मालकांनी आमचं भाड्याचं घर पाडायला काढलं होतं. त्या जागी मोठी इमारत येणार होती आणि अंगणात गाड्या उभ्या राहणार होत्या. शाळेला सुट्टी लागली की निघायचं, असं ठरलं.

“आपलं काहीतरी होईल,” नवरा म्हणाला. “पण दगडोबाचं अवघड आहे. शहराबाहेर एक प्राण्यांचा निवारा आहे. चांगला आहे म्हणतात.”

“आधी मला ठेव तिथं,” सासूबाई म्हणाल्या. “चांगला असेल तर त्याला बोलावून घेईन.”

लेकीनं जेवणाच्या टेबलाखाली जाऊन दगडोबाच्या कानाशी, म्हणजे कान जिथं असावा असा तिचा अंदाज होता तिथं, काहीतरी कुजबुजलं. काय म्हणालीस, असं विचारल्यावर म्हणाली, “आमचं ठरलंय.”

प्राण्यांच्या डॉक्टरांना विचारलं, याला नव्या घरात काय काय लागेल? ते म्हणाले, “पायाखाली माती, पाठीवर ऊन, आणि पडण्याजोगी उंची नको. बाकी काही नाही.” इतकं साधं मागणं ऐकून मला बरं वाटलं. बाजारात सगळ्यात दुर्मिळ काय आहे, हे तेव्हा मला माहीत नव्हतं.

घरं दाखवणारा एजंट फार उत्साही होता. त्याच्या गळ्यात किल्ल्यांचा जुडगा होता आणि तोंडात ‘ताई, टेन्शन घेऊ नका’ हे वाक्य. ते ऐकलं की मला हमखास टेन्शन यायचं.

“तुमच्या घरी पेट आहे? अरे वा! मग सांगायचं ना आधी. सध्या तेच चालतं. चला, तुम्हाला प्राणीस्नेही वसाहत दाखवतो. बघून डोळेच दिपतील.”

वसाहतीच्या कमानीवर एका केसाळ कुत्र्याचा प्रचंड फोटो होता. तो हसत होता. कमानीखालच्या सुरक्षारक्षकाला हसायची परवानगी नसावी. आत गेल्यावर एजंटनं एकेक सोय दाखवायला घेतली. पंजे धुण्याचं केंद्र. केस वाळवण्याची खोली. उथळ तलाव. ताण आलेल्या प्राण्यांसाठी मंद संगीताचा कक्ष, आणि त्यांच्या मालकांना ताण यावा म्हणून त्या कक्षाचं वेळापत्रक. एक बाक केवळ फोटो काढण्यासाठी होता. त्यावर बसायला मनाई होती.

“माती कुठंय?” लेकीनं विचारलं.

“माती?” एजंटनं दचकून आपल्या बुटांकडे पाहिलं. “नाही नाही, बाळा. इथं सगळं एकदम स्वच्छ आहे.”

“हे गवत आहे ना पण,” नवरा म्हणाला आणि त्यानं पिशवीतून दगडोबाला काढून हिरव्यागार हिरवळीवर ठेवलं. दगडोबानं बराच वेळ विचार करून एक पातं तोंडात घेतलं. चावलं. पुन्हा चावलं. मग ते तसंच बाहेर येऊ दिलं आणि मान वळवून आमच्याकडे पाहिलं. सासूबाईंनी माझ्या हातची भाजी पहिल्यांदा खाल्ली तेव्हा त्यांनी माझ्याकडे अगदी असंच पाहिलं होतं.

“प्लॅस्टिक आहे,” एजंट अभिमानानं म्हणाला. “बाराही महिने हिरवं. कुत्र्यांना फरक कळत नाही.”

परत निघताना लेक एकदम थांबली. एका इमारतीच्या तळमजल्यावर प्रत्येक घराच्या मागच्या दाराबाहेर मातीची एक छोटी पट्टी होती. खरी माती. तिच्यात एका ठिकाणी कुणीतरी पुदिना लावला होता, आणि चष्मा लावलेले एक आजोबा प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून त्या पुदिन्याशी बोलत होते. ते निवृत्त शिक्षक होते. सगळे त्यांना मास्तर म्हणत. त्यांच्या शेजारचं घर रिकामं होतं. दारावर ऊन पडलं होतं. उंबरा इतका खुजा की दगडोबाला विचार करायला विषयच उरला नसता.

“हे घर,” लेक म्हणाली.

“हे नाही, बाळा. तळमजला ज्येष्ठांसाठी राखीव आहे. सत्तरी पार केलेले. आणि तळमजल्यावर प्राण्यांना बंदी आहे. ज्येष्ठ अडखळून पडतात.”

नवऱ्यानं हळूच आईकडे पाहिलं.

“माझ्याकडे कशाला बघतोस?” सासूबाई कडाडल्या. “मी काय म्हातारी झाले? अजून साठी नाही गाठली मी!”

“आई, मागच्या वर्षी पण हेच—”

“मागच्या वर्षी पण नव्हती गाठली.”

आम्ही वसाहतीच्या कार्यालयात गेलो. सचिव कुठल्याशा खात्यातून निवृत्त झाले होते, पण खातं त्यांच्यातून निवृत्त झालं नव्हतं. टेबलावर शिक्के उंचीप्रमाणे उभे होते. “बसा,” ते म्हणाले. “उभ्यानं बोलायचं असेल तर त्याची वेळ वेगळी आहे.” आम्ही बसलो. मी पिशवी टेबलावर ठेवली. पिशवीतून दगडोबानं मान काढली आणि सचिवांकडे पाहिलं. सचिवांनी चष्म्यावरून दगडोबाकडे पाहिलं. दोघांनाही घाई नव्हती. मला वाटतं, त्या क्षणी दोघांनी एकमेकांना ओळखलं.

“पाळीव प्राणी?”

“हो.”

“आमच्याकडे चार वर्ग आहेत. भुंकणारे, म्यांव करणारे, उडणारे आणि पोहणारे. आपला कशात बसतो?”

“हा कशातच बसत नाही. जमिनीवर चालतो. अधूनमधून.”

“मग तो पाळीव प्राणी नाही,” सचिव म्हणाले आणि त्यांनी समाधानानं पेनाचं टोपण लावलं.

“अहो, पण मग तो कोण आहे?”

“ते तुम्ही सांगायचं. अर्जदार तुम्ही आहात.”

तेवढ्यात लेक म्हणाली, “तो आमच्या घरातला सगळ्यात मोठा आहे.”

सचिवांचा हात थांबला. “मोठा म्हणजे? वयानं?”

“हो. आजीपेक्षा पण.”

“सगळेच आहेत,” सासूबाई पुटपुटल्या.

सचिवांनी नियमांचं पुस्तक काढलं, बोट ओलं केलं आणि एक कलम मोठ्यानं वाचलं: तळमजल्यावरील सदनिका ज्या कुटुंबात सत्तर वर्षांवरील ज्येष्ठ सदस्य असेल अशा कुटुंबास देण्यात येईल. त्यांनी ते पुन्हा वाचलं. मग एकेका शब्दावर बोट ठेवून तिसऱ्यांदा.

“यात ‘माणूस’ हा शब्द नाही,” ते गंभीरपणे म्हणाले. “नसलेला शब्द मी घालू शकत नाही. ते माझ्या अधिकाराबाहेर आहे.”

एजंटनं टाळी वाजवली. “बघा ताई! प्राणी म्हणून नकोच. ज्येष्ठ म्हणून घालू!”

आता यावर सुजाण माणसानं हसून उठून जायला हवं होतं. आम्ही शिकलेली माणसं आहोत. पण बाहेर मातीवर ऊन होतं, लेकीनं माझा अंगठा घट्ट धरला होता, आणि खरं सांगते, तुमच्यासमोर कुणी तळमजल्याची किल्ली धरली असती तर तुम्हीही ‘कासव म्हणजे तसा घरातलाच माणूस’ असं म्हणाला असतात. आम्हीही तेच म्हणालो.

वयाचा पुरावा हवा होता. डॉक्टर म्हणाले, पाठीवरच्या रेषांवरून नक्की वय सांगता येत नाही. तेव्हा सासूबाईंनी कपाटातून आपल्या लग्नातला एक फोटो काढला. फोटोत नवरा-नवरी खुर्च्यांवर ताठ बसले आहेत, आणि सासऱ्यांच्या खुर्चीखाली, त्यांच्या चकचकीत बुटांच्या मधोमध, दगडोबा आहे. सासरे म्हणे अडून बसले होते की तो फोटोत हवाच. शिवाय सासऱ्यांचे एक ऐंशी पार केलेले थोरले चुलतभाऊ येऊन ‘हे कासव मी लहानपणापासून पाहतोय, तेव्हाही ते म्हातारंच होतं’ असं सांगून गेले.

वसाहतीच्या समितीच्या सदस्यांनी फोटो भिंगाखाली धरला.

“हे तर स्पष्ट ओळखू येतायत,” एक सदस्य दगडोबावर बोट ठेवून म्हणाले. “काही बदल नाही. पण या खुर्चीवरच्या बाई कोण?”

सासूबाई त्यानंतर त्या सदस्यांशी कधीही बोलल्या नाहीत. पुरावा मात्र मान्य झाला. दगडोबाचा उल्लेख कार्यालयात ‘तो’वरून ‘हे’वर गेला तो त्याच दिवशी.

मग ज्येष्ठांची प्रत्यक्ष भेट. समिती एका लांब टेबलामागे बसली आणि टेबलावर, मधोमध, टॉवेलच्या घडीवर दगडोबा.

“गुडघ्यांची तक्रार?”

“नाही,” मी म्हणाले. “चारही ठीक आहेत.”

“रात्री खोकणं, रेडिओ मोठ्यानं लावणं?”

“नाही.”

“तक्रारअर्ज लिहायची सवय?”

“नाही.”

समितीत कुजबुज झाली. अध्यक्ष पुढे झुकले. “लिफ्ट, पाणी, कचरा, शेजाऱ्यांचे बूट, यातल्या कशावरही नाही?”

“कशावरही नाही.”

अध्यक्षांच्या डोळ्यांत चक्क पाणी तरळलं. ते उभे राहिले आणि त्यांनी वसाहतीच्या उभारणीत समितीनं सोसलेल्या कष्टांबद्दल बोलायला सुरुवात केली. दुसऱ्या वाक्याला दगडोबानं मान, पाय आणि शेपूट आत ओढून घेतलं. अध्यक्ष भारावून म्हणाले, “माझ्या भाषणाला लोक उठून जातात, झोपतात. हे पहिलेच, जे जागेवर राहून अंतर्मुख झाले.”

ठराव एकमतानं मंजूर झाला. फक्त एक गोष्ट उरली होती. हमी.

सचिवांनी समजावून सांगितलं. “काय झालं, मागं लोकांनी आईवडिलांच्या जोरावर तळमजले घेतले, आईवडिलांना आत ठेवलं आणि आपण दुसऱ्या शहरात निघून गेले. मग दिवा गेला तर कुणी बदलायचा? समितीनं? म्हणून कुटुंबातल्या प्रत्येकानं सर्वसाधारण सभेत उभं राहून म्हणायचं की ‘मी यांना सोडून जाणार नाही.’ नंतर एका प्रकरणात ज्येष्ठ राहिले आणि त्यांचा मुलगाच आधी गेला. फार अडचण झाली. फाइल बंद होईना. तेव्हापासून आम्ही पुढे जोडलं, ‘आणि यांच्या आधी जाणार नाही.’”

“पण हे कुणाच्या हातात असतं का?” मी विचारलं.

“म्हणून तर हमी घ्यावी लागते,” सचिव म्हणाले. “हातात असतं तर कशाला घेतली असती?”

सभेच्या दिवशी डॉक्टरांनाही बोलावलं होतं. माइकनं एकदा किंकाळी फोडली आणि मग डॉक्टर म्हणाले, “तब्येत उत्तम आहे. नीट सांभाळलं तर अजून ऐंशी-नव्वद वर्षं कुठं गेली नाहीत.”

मागच्या रांगेतलं कुणीतरी बोटांवर हिशेब करायला लागलं. सचिवांनी पुस्तक उघडून पाहिलं. “वरची मर्यादा दिलेली नाही,” ते म्हणाले. “पुढे चला.”

“म्हणून टाकू,” नवरा माझ्या कानात म्हणाला. “मोबाइलमध्ये काही उघडताना ‘मान्य आहे’ दाबतो तेव्हा आपण काय काय कबूल करतो, ते तरी कुठं माहीत असतं?”

तेही खरंच. तुम्ही तरी शेवटपर्यंत कधी वाचलंय?

सगळ्यात आधी सासूबाई उठल्या. माइकसमोर त्या जरा जास्तच वेळ उभ्या राहिल्या. “जोरात, आजी,” सचिव म्हणाले. एरवी ‘आजी’ म्हटल्यावर त्यांनी सभागृह डोक्यावर घेतलं असतं. त्या दिवशी त्यांनी जोरात म्हटलं, खाली आल्या आणि पुढचा सगळा वेळ चष्मा पुसत बसल्या. मग नवऱ्यानं म्हटलं, भाजीवाल्याला पत्ता सांगावा तसं. मग मी म्हटलं: मी यांना सोडून जाणार नाही आणि यांच्या आधी जाणार नाही. म्हणताना मला वाटलं, वाक्य तसं छान आहे, घरात कुणी कुणाला म्हणत नाही इतकंच.

लेक लहान असल्यामुळे तिची हमी लागत नव्हती. पण ती खुर्चीवर चढलीच. तिनं माइक दोन्ही हातांनी धरला, वाक्य एकही अक्षर न गाळता म्हटलं, आणि मग आमच्याकडे, आजीकडे, बाबाकडे, माझ्याकडे, एकेक करून असं पाहिलं की जणू फार दिवसांपासून लोंबकळत पडलेलं एक काम आज मार्गी लागलं.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

नियमाप्रमाणे दारावरच्या पाटीवर ज्येष्ठांचं नाव आधी, म्हणून ‘श्री. दगडोबा’ वर आणि आम्ही खाली, ‘व कुटुंबीय’ या दोन शब्दांत चौघं. सूचना त्यांच्या नावानं यायला लागल्या. बैठकांना त्यांना बोलावणं असायचं. मी पिशवीतून न्यायची. कुठल्याही ठरावाला विरोध नाही, म्हणून तीन बैठकांत ते सल्लागार मंडळावर गेले. त्यांचा सत्कार झाला, त्यात त्यांनी पुष्पगुच्छ अर्धा खाल्ला आणि उरलेल्या अर्ध्यावर झोपले. समितीच्या पत्रिकेत ‘आदर्श ज्येष्ठ’ म्हणून त्यांच्यावर लेख आला: हे काही मागत नाहीत, आठवणी सांगत नाहीत, ‘परत कधी येणार?’ असं विचारत नाहीत.

खरी गडबड या लेखानं केली.

समितीनं ‘तक्रारमुक्त ज्येष्ठ’ अशी योजना आणली. ज्यांचे ज्येष्ठ तक्रारमुक्त, त्यांना गाडी लावायला सावलीतली जागा. दुसऱ्याच आठवड्यात पलीकडच्या इमारतीत एका कुटुंबानं कुठून तरी एक प्राचीन कासव आणलं. मग आणखी एकानं. एजंट मला फाटकाशी भेटला, गळ्यात किल्ल्या आणि दोन्ही हातांत पुठ्ठ्याची खोकी. “ताई, तुमच्यामुळे धंदा बदलला बघा! आता ज्येष्ठासकट घर देतो. टेन्शनच नाही.”

नियमात म्हटलं होतं, प्रत्येक घरात ज्येष्ठ एकच. ज्याचं वय जास्त तो. त्यामुळे घरोघरी सेवाज्येष्ठतेच्या याद्या नव्यानं लागल्या. एका घरातल्या आजी तीन वर्षांनी कमी पडल्या. एका घरातले आजोबा जोरात होते, ब्याण्णव वर्षांचे, पण त्यांच्या सुनेनं आणलेलं कासव शंभरीचं निघालं. ज्यांची ज्येष्ठता गेली त्यांना तळमजल्यावर राहण्याचा आधारच उरला नाही. समितीनं सहानुभूतीनं विचार करून त्यांची वरच्या मजल्यांवर सोय केली. जिना गुडघ्यांना चांगला असतो, असं परिपत्रकात होतं.

आमच्या शेजारचे मास्तर सहाव्या मजल्यावर गेले. त्यांच्या मुलाची गाडी सावलीत आली.

“एवढी वर्षं मुलांची हजेरी घेतली,” मास्तर पुदिन्याची कुंडी छातीशी धरून लिफ्टसमोर म्हणाले, “पण ‘उपस्थित’ म्हणायला लागू नये आणि तरी पहिला नंबर यावा, असा विद्यार्थी नाही पाहिला.” ते माझ्याकडे बघून हसले. रागावले असते तर बरं झालं असतं.

“तुम्ही काहीतरी लिहून द्या ना, मास्तर. तक्रार करा.”

“करू शकतो. पण मग मी तक्रारयुक्त होतो. मग सहावाही मजला जायचा.”

मी या सगळ्याचा निषेध करायचं पक्कं ठरवलं होतं. पण आमचं मागचं दार नुकतंच मातीकडे उघडायला लागलं होतं, लेकीची नवी शाळा सुरू व्हायची होती, पडदे शिवायचे होते. निषेध पुढच्या आठवड्यावर टाकला. तो अजून तिथंच आहे. तुमचेही काही असतील, त्याच्याशेजारी.

आता तळमजल्यावर कमालीची शांतता असते. रांगेनं सगळी दारं मातीकडे उघडी, आणि प्रत्येक पट्टीवर एकेक ज्येष्ठ, ऊन खात, काहीही न मागता. वरच्या मजल्यांच्या कठड्यांवरून म्हातारी माणसं त्यांच्याकडे बघत उभी असतात. समिती हे दृश्य पाहुण्यांना दाखवते.

काल दुपारचीच गोष्ट. सासूबाई मास्तरांना वाचायला वर्तमानपत्र द्यायला म्हणून सहाव्या मजल्यावर गेल्या होत्या. लिफ्ट बंद होती तरी गेल्या. मी चहा घेऊन बसले आणि पहिला घोट घेतला.

टक्.

मी उठायच्या आत लेक उठली. नव्या घराच्या कडीला तिचा हात सहज पुरतो. तिनं दार उघडलं, दगडोबानं उंबऱ्याचा थोडक्यात विचार केला, आणि दोघं मातीवर जाऊन बसली. मी कप घेऊन मागोमाग गेले आणि उंबऱ्यावर टेकले. मास्तरांच्या पट्टीवरचं नवं कासव पुदिन्याच्या उरलेल्या मुळ्या उकरत होतं. लेक कोबीच्या पानाचे बारीक तुकडे करून दगडोबापुढे ओळीनं मांडत होती.

“आई, दगडोबा अजून खूप खूप वर्षं राहणार ना?”

“हो. डॉक्टरकाका म्हणाले ना.”

“माझे केस पांढरे होईपर्यंत?”

“त्याच्याही पुढे.”

“आणि तू त्याच्या आधी जाणार नाहीस.” ती विचारत नव्हती, सांगत होती. “बाबा पण नाही, आजी पण नाही. तुम्ही माइकवर म्हणालात.”

“म्हणालो खरं,” मी म्हणाले.

तिनं मान डोलावली, एक तुकडा दगडोबाच्या तोंडाजवळ सरकवला आणि तो तोंड उघडायची वाट बघत बसली. त्याला वेळ लागतो. तेवढ्यात तिच्या कपाळावर एक बारीक आठी आली.

“दगडोबा तर आधी आजोबांचा होता.”

“हो, राणी.”

“मग आजोबा त्याच्या आधी कसे गेले? त्यांना कुणी म्हणायला नव्हतं सांगितलं?”